खेळाची टिपणे आणि निरोप पोचवणारे यंत्र

गेल्या वर्षी आमच्या संगणक कक्षात एक लहानसा उपक्रम सुरू झाला. काही पालकांनी त्याविषयी काळजीने विचारणा केली, काही माजी विद्यार्थ्यांनी कौतुकाने. व्हिडिओ गेममधील बदलांची माहिती आपोआप कळवणारा 'बॉट' शाळेने मुलांना का करू दिला, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात होता.

आजचा व्हिडिओ गेम एकदा विकला की पूर्ण झाला, असे नसते. कंपनी वरचेवर त्यात बदल करते. कुठे दोष दुरुस्त करते, कुठे एखाद्या सैनिकाचे बळ कमी करते, कुठे नवा नकाशा घालते. या बदलांची इंग्रजी यादी प्रसिद्ध होते, तिला 'पॅच नोट्स' म्हणतात. मुलांनी निवडलेला खेळ होता 'एज ऑफ एम्पायर्स २'. त्यात २०२२ साली 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा भाग जोडला गेला आणि बंगाली, द्रविड, गुर्जर अशी नवी राज्ये आली. इतिहासाचे शिक्षक म्हणून या विभागणीवर आम्हांला पुष्कळ बोलायचे आहे, पण त्याची जागा येथे नव्हे.

'स्टीम' या विक्रीमंचावर अशा प्रत्येक खेळाच्या बातम्या 'आरएसएस फीड'च्या स्वरूपातही मिळतात. फीड म्हणजे संगणकाला सहज वाचता यावा असा ठरावीक साच्यातील मजकूर. त्यात प्रत्येक बातमीचा मथळा, तारीख, दुवा आणि तिची स्वतंत्र ओळखखूण असते. निरोप पाठवण्यासाठी टेलिग्राम निवडले. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच काम करायचे तर व्यावसायिक खाते आणि त्यामागोमाग खर्च येतो. टेलिग्रामने २०१५ पासून बॉटना मुभा दिली आहे. 'बॉटफादर' नावाच्या खात्याला निरोप पाठवून आपल्या बॉटचे नाव नोंदवले की 'टोकन' मिळते. ही अक्षरांची आणि अंकांची लांबलचक किल्ली होय. पायथन भाषेतील काही ओळींचा कार्यक्रम दर अर्ध्या तासाने फीड वाचतो, त्यातील ओळखखुणा आपल्या वहीतील खुणांशी ताडून पाहतो, नवी दिसेल ती बातमी गटावर पाठवतो आणि तिची खूण वहीत टिपून ठेवतो. वही म्हणजे संगणकात साठवलेली एक साधी फाईल.

या वहीचे महत्त्व पहिल्याच दिवशी कळले. वही कोरी होती, त्यामुळे फीडमधील जुनी-नवी सगळीच टिपणे बॉटला नवी वाटली आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटावर त्यांचा पाऊस पडला. त्यानंतर पहिल्या वेळी फक्त खुणा टिपायच्या, पाठवायचे काही नाही, असा नियम मुलांनी केला. दुसरी अडचण लांबीची होती. टेलिग्रामचा एक निरोप ४०९६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि या खेळाची टिपणे पानेच्या पाने असतात. असा निरोप जातच नाही. म्हणून मथळा, सुरुवातीचा भाग आणि दुवा एवढेच पाठवायचे ठरले. तिसरी चूक अधिक गंभीर होती. एका मुलाने उत्साहाच्या भरात टोकनसह सगळा कार्यक्रम गटावर टाकला. टोकन ज्याच्या हाती तो आमच्या बॉटच्या नावाने काहीही बोलू शकतो. त्याच रात्री जुने टोकन रद्द करून नवे घेतले आणि ते कार्यक्रमापासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवले.

बॉटला नाव काय द्यायचे, यावर रविवारच्या बुद्धवंदनेनंतर चर्चा झाली. मुलांनी सुचवले, 'दवंडी'. नाव गोड होते, सर्वांना आवडलेही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी मात्र गप्प झाले. त्यांचे आजोबा धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात दवंडी देत असत. कोणाच्या घरी मयत झाली की रात्री-अपरात्री परगावी निरोप घेऊन पायी जाणे हेही त्यांच्याच वाट्याचे. त्यांना नाही म्हणता येत नव्हते. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांकडून हे काम करवून घेतले गेले, आणि या गुलामीला कायद्याचा आधार १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार अधिनियमाचा होता. त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्षात रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. मुलांना हे पाठ्यपुस्तकातून माहीत होते. सरांच्या आजोबांचे म्हणून ते प्रथमच ऐकत होती. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मग हा बॉटसुद्धा वेठबिगारच झाला ना? पगार नाही, सुट्टी नाही." सगळे हसले, आणि मग बराच वेळ बोलत राहिले. शेवटी मतदान होऊन 'खबर' हे नाव ठरले.

'खबर'चा खरा उपयोग पुढे झाला. त्या हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत हुकली. सूचना महाविद्यालयाच्या फळ्यावर होती, आईवडील ऊसतोडीला गेलेले, आणि मुलगी धाकट्या भावंडांसाठी जळगाव जिल्ह्यातील गावी थांबलेली. मुलांनीच म्हटले, खेळाची बातमी अर्ध्या तासात येते तर ही का नाही? शिष्यवृत्तीच्या मुदतींसाठी आम्हांला तसे फीड मिळाले नाही. म्हणून एक शिक्षक दर सोमवारी शासकीय संकेतस्थळे पाहून तारखा तक्त्यात भरतो, दुसरा त्या मूळ सूचनेशी ताडून सही करतो, आणि मगच बॉट त्या पाठवतो. चुकीची तारीखही तितक्याच वेगाने घरोघरी जाईल, याची धास्ती आम्हांला आहे. वीज गेली तर काम थांबते. परत आली की वहीतील शेवटच्या खुणेपासून ते पुन्हा सुरू होते.

सध्या मुदतीपूर्वी पंधरा, सात आणि दोन दिवस असा तीनदा निरोप जातो. पुढचा निरोप अहिराणीत, आवाजाच्या रूपात पाठवावा, अशी मुलांची सूचना आहे, कारण कितीतरी आयांना फोनवरचे ऐकता येते, वाचता येत नाही. तो आवाज धुळ्याकडच्या मुलीचा घ्यायचा की जळगावकडच्या, यावर संगणक कक्षात वाद चालू आहे.