घड्याळाला शारजाचा उन्हाळा कळतो का?

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात राहून तुम्ही दुबई किंवा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत असाल, तर तुमच्या सरावाचे महत्त्वाचे महिने इथल्या उकाड्यातच जातात. पहाटे साडेचारला धावायचं आणि नंतर ड्युटीवर हजर व्हायचं. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं. 'ओव्हरट्रेनिंग होतंय का?' याचं उत्तर अनेकजण त्या रंगात शोधतात. ते तिथे कितपत सापडतं?

आधी शब्द नीट समजून घेऊ. लांब पल्ल्याच्या धावेनंतर दोन दिवस पाय जड होणं म्हणजे ओव्हरट्रेनिंग नव्हे. पुरेशी विश्रांती घेऊनही कित्येक आठवडे, महिने वेग परत येत नाही, झोप बिघडते, चिडचिड वाढते, तेव्हा ती शंका घ्यायची. क्रीडाविज्ञानातल्या युरोपीय आणि अमेरिकन संस्थांच्या २०१३ च्या संयुक्त निवेदनानुसार यासाठी एकच एक खात्रीची चाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, संसर्ग, अपुरं खाणं अशी कारणं एकेक करून वगळावी लागतात. हे काम डॉक्टरांचं, घड्याळाचं नाही.

घड्याळाच्या मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त तो शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो. त्यावरून ठोके मोजले जातात आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतारही, म्हणजे एचआरव्ही. मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक असं नसतं. अंतर कधी ९६० मिलिसेकंद, कधी १०४०. शरीर निवांत असताना व्हेगस नावाची मज्जा हा चढउतार वाढवते. ताण आला की तो सहसा घटतो.

खरी अडचण इथेच आहे. ताण कशाचा, हे घड्याळाला कळत नाही. उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, आणि तोच वेग ठेवला तरी ठोके वाढतात. रात्रपाळी, खोलीतला बंद पडलेला एसी, कमी प्यायलेलं पाणी, यांचाही परिणाम आकड्यांवर होतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन भर उन्हातलं काम बंद ठेवण्याचा नियम आहे, पण शेडमधली कामं चालूच असतात. तिथे आठ-दहा तास उभं राहणं हाही शरीरावरचा भारच, पण 'वर्कआउट' म्हणून त्याची नोंद कुठे होते?

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त फसवं. फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्रायथलॉनपटूंना मुद्दाम तीन आठवडे जादा सराव करायला लावला. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जे खरोखर थकले, त्यांची कामगिरी घसरली, पण त्यांचा एचआरव्ही वाढला आणि विश्रांतीतले ठोके कमी झाले. म्हणजे शरीर थकलेलं असतानाही घड्याळ हिरवा रंग दाखवू शकतं!

मग घड्याळ काढून ठेवायचं का? मुळीच नाही. फक्त एका सकाळच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सात दिवसांची सरासरी पाहा आणि तिची तुलना स्वतःच्याच गेल्या महिन्याशी करा, शेजारच्या धावपटूशी नको. सोबत वहीत रोज तीन गोष्टी लिहा: झोप कशी झाली, पाय कसे आहेत, धावायची इच्छा आहे का. २०१६ मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात असं दिसलं, की सरावाचा भार ओळखायला खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या अशा खुणा यंत्रांच्या मोजमापांपेक्षा जास्त भरवशाच्या ठरतात. मला तर ही वही घड्याळापेक्षा मोलाची वाटते, आणि ती दोन दिरहमात मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये गावी जाऊन येणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पावसाळी हवेत महिनाभर राहिलात की उष्णतेची सवय बरीच ओसरते. परतल्यावर आकडे बिघडलेले दिसतील. ते ओव्हरट्रेनिंगच असेल असं नाही. सवय पुन्हा व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर निम्म्यावर आणा, वेग विसरा आणि धावण्याआधी-नंतर वजन करून घामाने किती पाणी गेलं ते पाहा. धावताना चक्कर आली, बोलणं अडखळलं किंवा भान हरपायला लागलं, तर घड्याळाकडे पाहत बसू नका. सावलीत आडवे व्हा, अंगावर गार पाणी ओतायला सांगा आणि सोबत्याला ९९८ वर फोन लावायला लावा.