टाकीतली अंडी आणि आपली घाई

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं माशांशी काय देणंघेणं? सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही घरी एंजल मासे पाळले आणि पहिल्या वर्षात एकही पिल्लू जगवू शकलो नाही. ते का झालं, एवढाच आजचा विषय.

एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. सिक्लिड कुळातला. या कुळातले आईबाप अंडी घालून निघून जात नाहीत, राखण करतात. आपल्या खाडीतली कालुंदर याच कुळातली, आणि तीही पिल्लं सांभाळते. तळून खाताना हे कोणाच्या मनात येतं म्हणा!

एंजलची जोडी आपण लावू नये. नर कोणता, मादी कोणती हे बाहेरून कळणं अवघड. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत, जोडी त्यांची ती जमते. मग दोघं एक कोपरा बळकावतात, बाकीच्यांना हुसकावतात आणि एखादं रुंद पान किंवा उभी ठेवलेली दगडी पाटी तोंडाने घासून स्वच्छ करतात. मादी ओळीने अंडी चिकटवत जाते, नर मागोमाग फिरून ती फळवतो. एका वेळी काहीशे अंडी सहज असतात.

आमच्या पाटीवर अशी अंडी पडली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर मादी एकेक अंडं तोंडाने टिपते आहे. आमची ही ओरडली, "अहो, खातेय ती!" आम्हालाही तेच दिसलं. लगेच जाळी घालून दोघांनाही बाहेर काढलं. संध्याकाळी मोठ्या समाधानाने चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी पाटीवर कापसासारखी बुरशी, आणि सगळं संपलेलं.

काय झालं होतं? न फळलेलं अंडं पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. मादी ती पांढरी अंडी वेचून काढत होती. शिवाय दोघंही परांनी सतत वारा घालावा तसं पाणी हलवत असतात, त्याने अंड्यांना प्राणवायू मिळतो. आम्ही एका झटक्यात सफाईवाला आणि पंखा दोन्ही काढून टाकले. पाहणं वेगळं आणि पाहिल्याचा अर्थ लावणं वेगळं, हे वर्गात आयुष्यभर शिकवलं बरं का आम्ही!

अर्थात एंजल अंडी खातच नाहीत असं नाही. नवी जोडी पहिल्या काही खेपांना खाते, घाबरली तरी खाते. तेव्हा बघायचं ते हे: फक्त पांढरी नाहीशी होत असतील तर सफाई, पारदर्शक पिवळसरही जात असतील तर फराळ.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाटीच उचलून वेगळ्या टाकीत ठेवली. पाणी त्याच टाकीतलं, थोडं मेथिलीन ब्लू आणि अंड्यांच्या शेजारी हवेचे बुडबुडे. 27-28 अंशांना अडीचेक दिवसांत अंडी फुटली. पिल्लं पाटीला चिकटून नुसती वळवळतात, पोटाखाली बलकाची पिशवी असते, तोवर खायला द्यायचं काही नाही. पाचेक दिवसांनी ती पोहू लागतात आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. आम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. पिल्लांनी जेमतेम खाल्ला, उरलेला कुजला, पाणी नासलं. दोन दिवसांत सगळी गेली.

त्यांना हलणारं, जिवंत खाणं लागतं. आर्टेमियाची अंडी बाजारात मिळतात. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा, आणि दिवस-दीड दिवसात नारिंगी ठिपक्यांसारखे जीव बाहेर येतात. हवा बंद करून तळाशी उजेड धरला की ते खाली जमतात, टरफलं वर तरंगतात. फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, ताजे असतानाच घालायचे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे. पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की जेवलं म्हणायचं. रोज थोडं पाणी बदलायचं आणि फिल्टर स्पंजचाच हवा, दुसरा पिल्लांना ओढून घेतो.

तिसऱ्या खेपेला चाळीसेक पिल्लं जगली.

कोन्राड लोरेन्झ यांनी याच कुळातल्या एका बापाची हकीकत लिहिली आहे. तोंडात एकाच वेळी भरकटलेलं पिल्लूही आलं आणि किडाही. तो क्षणभर थबकला, दोन्ही बाहेर टाकली, किडा खाल्ला आणि मग पिल्लू उचलून घरी नेलं. याला विचार म्हणावं का? आम्ही अजून ठरवलेलं नाही.

सध्या अंडी जोडीपाशीच राहू देतो. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलंय, रात्री एक बारीक दिवा असतो, म्हणजे अंधारात ते बिचकत नाहीत. ताज्या अंड्यांचा आज दुसरा दिवस. ही म्हणते, "व्याख्यान द्या, पण टाकीपाशी फिरकू नका."