नाडी, बटण आणि टक्केवारी

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास त्यांच्या जन्माआधीपासून सुरू आहे. ही मुलं सात वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे सात हजार जणांना तीन साधी कामं दिली गेली. टाचेला चवडा लावत रेषेवर चालायचं, पाटीच्या भोकांत खुंट्या बसवायच्या आणि दाण्यांची छोटी पिशवी नेम धरून टाकायची. जोडीला अक्षर कसं आहे, कपडे घालणं-जेवणं कितपत जमतं, हेही तपासलं. कडक निकष लावले तेव्हा दोन टक्क्यांहून थोडी कमी मुलं मागे असल्याचं दिसलं. निकष जरा सैल केल्यावर हाच आकडा पाच टक्क्यांच्या घरात गेला.

मुलं तीच, चाळणी वेगळी.

हालचालींच्या या अडचणीला वैद्यकीय भाषेत ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’, थोडक्यात ‘डीसीडी’, म्हणतात. १९९४ साली कॅनडातल्या लंडन शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव वापरायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये ‘डिसप्रॅक्सिया’ हाच शब्द रुळलेला आहे. अशा मुलाचे स्नायू धड असतात, नजर ठीक असते, बुद्धीही बरोबरीच्या मुलांइतकीच असते. अडतं ते हालचाल मनात आखून हातापायांकडून करवून घेण्यात. इतर मुलं शर्टाची बटणं चार दिवसांत शिकतात आणि विसरूनही जातात की आपण ती कधी शिकलो. या मुलाला प्रत्येक सकाळी बटण नव्यानेच भेटतं.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या २०१३ सालच्या आवृत्तीत पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये याचं प्रमाण ५ ते ६ टक्के दिलं होतं. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात दोघं. पण देशोदेशीचे आकडे एका रांगेत बसत नाहीत. स्वीडनमधल्या कार्लस्टाड इथं सात वर्षांच्या मुलांमध्ये तीव्र अडचण ४.९ टक्क्यांना आणि मध्यम ८.६ टक्क्यांना आढळली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कॅनडातली ८ टक्के मुलं या गटात मोडली, तर ग्रीसमधली तब्बल १९ टक्के. आणि भारत? नियमित शाळांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या एका पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, हे प्रमाण निघालं अवघं ०.८ टक्के.

आपली मुलं एवढी चपळ? तसं मानायचा मोह होईल, पण घाई नको. निदानासाठी चाचणीत मागे पडणं पुरत नाही. त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येतो, हेही दिसावं लागतं. आपल्याकडे दुसरी-तिसरीतल्या मुलाला आई भरवते, आजी बुटाची नाडी बांधते, दप्तर आजोबा उचलतात. अडथळा दिसणार कुठून? शिवाय शिक्षकांच्या लेखी हे मूल ‘धांदरट’ किंवा ‘गबाळं’ असतं आणि निबंधाचे गुण अक्षरामुळे जातात. वेलांटी सुटते, शिरोरेषा डोंगर चढते, आणि शेरा पडतो तो ‘आळशीपणा’चा.

आमीर खानचा ‘तारे जमीन पर’ (२००७) सगळ्यांना वाचनाच्या अडचणीसाठी आठवतो. पण त्यातल्या ईशानला चेंडूही झेलता येत नाही, हे फारच थोड्यांच्या लक्षात राहिलं. हॅरी पॉटरची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफनेही २००८ साली आपल्याला सौम्य डिसप्रॅक्सिया असल्याचं सांगितलं. मोठेपणीही बुटाची नाडी बांधताना त्याची पंचाईत होत असे.

मुलग्यांमध्ये ही अडचण मुलींपेक्षा अधिक आढळते आणि वेळेआधी, कमी वजनाची जन्मलेली बाळं मोठी झाल्यावर त्यांच्यात तिचं प्रमाण बरंच जास्त असतं. ‘वयानुसार सुटेल’ हा दिलासा मात्र अनेकदा खोटा ठरतो. पुष्कळांची अडचण पौगंडात आणि पुढेही टिकते. लगोरीत कुणी गड्यात घेत नाही म्हणून मूल खेळायचंच सोडतं. सराव कमी होतो, वजन वाढतं आणि अंतर आणखी रुंदावतं.

यावर गोळी नाही, पण इलाज आहे. नुसते ‘स्नायू बळकट करणारे’ व्यायाम फारसे कामाला येत नाहीत. जे काम अडतं तेच लहान टप्प्यांत विभागून शिकवलं तर फरक पडतो. कॅनडाच्या हेलेन पोलाटाइको यांच्या पद्धतीत मूल स्वतः ध्येय ठरवतं, बेत आखतं, करून पाहतं आणि कुठं चुकलं ते तपासतं. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. भारतात त्यांच्या शिक्षणाची सुरुवात १९५० साली कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात केली. तरी आज कोणत्या शाळेत असा तज्ज्ञ नियमित येतो, हे विचारून पाहावं.

कायदा मात्र शाळांच्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या व्याख्येत डिसप्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. वयाची पाच वर्षं उलटून गेली तरी मूल बटण, कात्री, चेंडू, पेन्सिल या सगळ्यांशीच झगडत असेल, तर पालकांनी त्याला ओरडणं थांबवून बालरोगतज्ज्ञांना ‘डीसीडीची तपासणी करता येईल का?’ एवढं नेमकेपणानं विचारावं.