हिरवं पाणी सोडून देऊ नका : सीझन बंद करण्याआधी स्विमिंग टँकचं पाणी असं सुधारा

आजचा विषय आहे कृषी पर्यटन केंद्र, हॉटेल, लॉन्स किंवा शेतातला छोटा रिसॉर्ट चालवणाऱ्यांसाठी. आपल्या धाराशिव जिल्ह्यात स्विमिंग टँकचा धंदा गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतचा. मे संपत आला की गिऱ्हाईक कमी होतं, मालकाचं लक्ष पेरणीकडे जातं, आणि "आता कोण येतंय" म्हणून मोटर बंद होते. आपल्याकडच्या उन्हात आठवडा पुरतो. पाणी आधी फिकट हिरवं, मग गडद, आणि मग टँकचा तळच दिसेनासा होतो.

इथे बहुतेक जण एकच निर्णय घेतात : "सोडून द्या पाणी, पुढच्या वर्षी नवीन भरू." हा निर्णय महागात कसा पडतो आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज बघू.

आधी हिशोब

समजा, तुमचा टँक ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल आहे. ३० × २० × ४ म्हणजे २,४०० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी बसतं. म्हणजे जवळपास ६८,००० लिटर. १०,००० लिटरचा टँकर धरला तर ७ टँकर. आता तुमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये टँकरचा जो भाव असतो, तो याला गुणा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेने आपल्या शेजारच्या लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. अशा भागात ६८,००० लिटर पाणी नाल्यात सोडणं गावाच्या डोळ्यावर येतं. गावाची नाराजी धंद्याला परवडत नाही.

तिसरं कारण बांधकामाचं. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जमिनीखालची पातळी वर येते. टँक रिकामा असेल तर बाहेरचा दाब भिंतींवर आणि तळावर येतो, तडे जातात. भरलेल्या टँकमध्ये आतलं पाणीच भिंतींना आधार देतं. म्हणून सूत्र लक्षात ठेवा : टँक भरलेलाच बंद करायचा, पण स्वच्छ पाण्याने.

कामाला लागण्याआधी

तळ दिसत नाही तोपर्यंत कुणालाही पाण्यात उतरवू नका, साफसफाईच्या पोरालासुद्धा नाही. गढूळ पाण्यात माणूस बुडाला तर काठावरच्याला कळतही नाही. ब्रश लांब दांडीचा घ्या आणि काठावरूनच काम करा. गेटला कुलूप लावा.

दुसरी सूचना : अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र येऊ द्यायचे नाहीत. बादली वेगळी, मग वेगळा, ठेवायची जागाही वेगळी. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेततो. क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडरसुद्धा एकमेकांत मिसळू नका. आणि नेहमी पाण्यात केमिकल टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही.

पायरी १ : कचरा काढा, पीएच मोजा

जाळीने पानं, किडे, शेवाळाचे पुंजके काढा. मग टेस्ट किटने पीएच बघा. हवा ७.२ ते ७.६. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यामुळे पीएच चढलेला सापडतो. ही पायरी अनेक जण टाळतात आणि मग म्हणतात, "एवढी पावडर टाकली, फरकच नाही."

फरक का पडत नाही? पीएच ७.५ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मं जोमदार रूपात असतं. पीएच ८.५ झाला की ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे पैसे तेवढेच, काम पाचव्या हिश्शाचं! म्हणून आधी पातळ केलेलं अ‍ॅसिड थोडं थोडं टाकून, मोटर चालू ठेवून पीएच खाली आणा. काही तासांनी परत मोजा.

पायरी २ : क्लोरीनचा मोठा डोस, तोही संध्याकाळी

ऊन क्लोरीन खातं, म्हणून डोस सूर्य मावळल्यावर. फिकट हिरव्या पाण्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीएम क्लोरीन धरा. ६८,००० लिटरला ते ६८० ग्रॅम होतं. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण ३० टक्के, म्हणजे पावडर लागेल सव्वादोन किलोच्या आसपास. पाणी गडद असेल तर डोस दुप्पट करा. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर तिच्यात दम राहत नाही, म्हणून ताजी आणा.

पावडर थेट टँकमध्ये फेकू नका. पाणी भरलेल्या बादलीत थोडी थोडी टाकून ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टँकमध्ये सगळीकडे फिरवून ओता. शेवाळ फरशीला आणि कोपऱ्यांना चिकटून बसतं, तिथे क्लोरीन नीट पोहोचत नाही. म्हणून रोज ब्रश मारायचाच.

पायरी ३ : फिल्टरला काम करू द्या

लाइट असेल तेवढा वेळ मोटर चालवा. तासाला १०,००० लिटर फिरवणारी मोटर असेल तर ६८,००० लिटर एकदा फिरायला ७ तास लागतात, आणि एका फेरीत पाणी साफ होत नाही. वाळूच्या फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश घ्या. रोज संध्याकाळी क्लोरीन मोजा, पडलं असेल तर पुन्हा डोस. दोन-चार दिवसांत हिरवा रंग जाऊन पाणी दुधाळ दिसू लागतं. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे.

पायरी ४ : तुरटी

दुधाळपणा फिल्टरने जात नसेल तर आजीची तुरटी आहेच. लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या टँकला दोन ते साडेतीन किलो, विरघळवून पसरा. थोडा वेळ पाणी फिरवा, मग मोटर रात्रभर बंद. सकाळी सगळा गाळ तळाशी बसलेला असेल. व्हॅक्यूम हळू फिरवा आणि तो गाळ फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर सोडा. यात थोडं पाणी जाईल, पण ७ टँकर नाही. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून परत मोजा.

बाहेर सोडलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नका.

पायरी ५ : पाणी खरंच सुधारलं का?

दोन परीक्षा आहेत. पहिली, सर्वांत खोल जागची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. दुसरी, सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा आणि पहाटे ऊन यायच्या आधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, मग क्लोरीन खाल्लं कुणी? घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे. पायरी २ वर परत जा.

आता बंद करा

बॅकवॉश घ्या, पीएच जागेवर आणा, क्लोरीन २-३ पीपीएम ठेवा आणि टँक झाका. पावसाचं जास्तीचं पाणी जायला ओव्हरफ्लो मोकळा हवा. झाकलं म्हणजे विसरलं असं करू नका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून आठवड्यातून एकदा मोटर चालवा आणि क्लोरीन मोजा. हे काम एका माणसाच्या नावावर टाका, भिंतीवर वही टांगा, तारीख-पीएच-क्लोरीन एवढंच लिहायला सांगा.

पाणी सोडावंच लागलं तर?

वर्षानुवर्षं गोळ्याच वापरल्या असतील तर त्यातलं सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनला बांधून ठेवतं. मग कितीही क्लोरीन टाका, पाणी हलत नाही. अशा वेळी पाण्याचा काही भाग बदलावा लागतो, तोही आधी टेस्ट करून, अंदाजाने नाही. पाण्यात सांडपाणी शिरलं असेल तर मात्र जाणकाराला बोलवा.

आता ती वही उघडा. एका बाजूला ७ टँकरचा खर्च, दुसऱ्या बाजूला पावडर, तुरटी, अ‍ॅसिड, टेस्ट किट आणि चार-पाच दिवसांची लाइट. दोन्ही आकडे स्वतः भरा. पुढच्या पाडव्याला शेजारचा टँकरची वाट बघत असेल, तेव्हा तुमचा टँक पहिल्याच रविवारी सुरू झालेला असेल. धंद्यात यालाच तयारी म्हणतात!