सायकल इंग्रजीतून चालवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाऊ पाहणाऱ्यांना आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे आता आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही ठाऊक झाले आहे. तिच्यातली बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. पहिली चार-पाच मिनिटे परीक्षक अगदी घरगुती प्रश्न विचारतो. तुमचे गाव कोणते? लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? तुमच्या गावात सायकल कितपत लोकप्रिय आहे? उत्तरासाठी डोके खाजवावे लागू नये असेच हे प्रश्न. आणि नेमकी इथेच आपली मुले अडखळतात.

पहिला खड्डा एका शब्दाचा आहे. इंग्रज माणूस सायकलला सहज ‘बाइक’ म्हणतो. आपल्याकडे बाइक म्हणजे पेट्रोलवर चालणारी. ‘डिड यू हॅव अ बाइक ॲज अ चाइल्ड?’ असे विचारल्यावर एखादा मुलगा वडिलांच्या मोटारसायकलचे मायलेज सांगू लागतो, ते यामुळेच. प्रश्नात बालपण आले की बाइक म्हणजे सायकल, एवढे मनात पक्के करून जावे.

दुसरी अडचण पाठांतराची. आमच्या सोलापुरात शेजारची एक मुलगी परिचारिका आहे. तिला ब्रिटनला जायचे होते. तिथे परिचारिका म्हणून नोंदणी व्हायला या परीक्षेत बोलण्यासाठी साधारणपणे 9 पैकी 7 गुण लागतात. घरचे कर्ज या सातच्या आकड्यावर अवलंबून होते. शिकवणीत तिला उत्तर लिहून दिलेले होते: वडिलांनी वाढदिवसाला लाल रंगाची सुंदर सायकल दिली, मला फार आनंद झाला. ती ते न अडखळता म्हणायची. मी विचारले, ‘व्हॉट हॅपन्ड टू इट?’ त्या सायकलचे पुढे काय झाले? मुलगी गप्प. जी सायकल कधी नव्हतीच, तिचे पुढे काय होणार?

मग मराठीत विचारले. सायकल भावाची होती. मुलींनी चालवायची नाही असा घरचा दंडक. भाऊ दुपारी झोपला की ही मागच्या बोळात ती काढायची आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. एकदा गटारात पडली आणि घरी सांगितले, पाय घसरला. हे सांगताना ती एकदाही थांबली नाही.

‘हाफ पायडल’ला इंग्रजी शब्द कोणता, म्हणून ती अडून बसली. शब्द नसेल तर कृती सांगावी. ‘द बाइक वॉज टू बिग फॉर मी, सो आय पुट माय लेग अंडर द बार.’ सायकल माझ्यासाठी फार मोठी होती, म्हणून मी नळीखालून पाय घालायचे. यातला एकही शब्द सातवीच्या पुस्तकाबाहेरचा नाही. परीक्षेत खरे बोलण्याला वेगळे गुण नाहीत, हे मी तिला सांगितले. पण खोट्या सायकलला ब्रेकही आपल्यालाच बसवावे लागतात आणि घंटीही. शिवाय घोकलेले उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येते.

आता व्याकरणाचे. आमच्या घरी दखनी, शाळेत मराठी, शेजारी तेलुगू आणि कन्नड. एका भाषेचे वाक्य जसेच्या तसे दुसरीत उचलले की ते लंगडते, हे असल्या गल्लीत लवकर कळते. ‘माझ्याकडे सायकल होती’ याचे ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ होते, ते चूक. ‘आय हॅड अ बाइक’ एवढे पुरे. ‘मी सायकलने शाळेत जात होतो’ याचे ‘आय वॉज गोइंग’ होते. इंग्रजी कानाला ते एखाद्या दिवशी वाटेत असल्यासारखे लागते. पुढे काहीतरी घडले असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. पण आपल्या मराठीत ‘जायचो’ आहे की! रोजच्या सवयीचा भूतकाळ. ‘जायचो’ म्हणजे ‘आय यूज्ड टू गो’. ‘पडायचो’, ‘भाड्याने आणायचो’, ‘डबलसीट बसायचो’ या सगळ्यांना हेच रूप चालते. म्हणून आधी मनातले मराठी वाक्य ‘होतो’वरून ‘जायचो’वर आणावे, इंग्रजी आपोआप सरळ होते. ‘सायकलवरून पडलो’ यातला ‘वरून’सुद्धा असाच कामाचा: ‘आय फेल ऑफ माय बाइक’. मराठीमुळे इंग्रजी बिघडते असे ऊठसूट सांगणाऱ्यांनी याकडे जरा पाहावे.

फक्त ‘यूज्ड टू’ आजच्या सवयीला लावू नये. रोज दवाखान्यात चालत जात असाल तर ‘आय यूजुअली वॉक’ म्हणावे.

लोकप्रियतेच्या प्रश्नात दोन गडबडी होतात. एक, ‘सायकल इज व्हेरी फेमस इन माय सिटी’. प्रसिद्ध आमची चादर आहे. सायकल पुष्कळ लोक वापरत असतील तर ती ‘पॉप्युलर’. दुसरी गडबड, ‘नोबडी रायड्स अ सायकल नाऊ’. व्याकरणाने वाक्य ठीक, पण तपासून पाहिले तर टिकत नाही. 2001च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी सुमारे 44 घरांत सायकल होती. 2011 मध्ये सुमारे 45. तेवढ्याच काळात मोटारसायकल-स्कूटरवाली घरे शंभरात 12 वरून 21 वर गेली. म्हणजे सायकल घरातून गेली नाही, चालवणारे बदलले. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी सरकारी मदत मिळू लागली आणि मुलींचे घोळके सायकलवरून शाळेला जाताना दिसू लागले.

आकडे परीक्षकाला सांगायची गरज नाही. कोण चालवतो ते सांगावे. माझ्या या शेजारणीचे शेवटी ठरलेले उत्तर असे होते: ‘नॉट ॲज पॉप्युलर ॲज बिफोर. माय ग्रँडफादर यूज्ड टू सायकल टू द मिल. नाऊ इट्स मोस्टली स्कूलचिल्ड्रन, अँड ऑन संडेज, पीपल हू ओन कार्स.’ आजोबा सायकलने गिरणीत जायचे. आता शाळेची मुले, आणि रविवारी मोटारीचे मालक. शेवटचे वाक्य तिचे स्वतःचे. हेल्मेट घातलेले डॉक्टर रविवारी पहाटे विजापूर रोडला जाताना रात्रपाळीहून परतताना तिला दिसायचे.

एवढे बोलून झाले की थांबावे. पुढचा प्रश्न विचारणे परीक्षकाचे काम आहे.