4.48 नापास, 4.54 पास

पांढऱ्या पडद्यावर राखाडी अक्षरं. एका राखाडी रंगाचा कोड 777777, दुसऱ्याचा 767676. शेजारी शेजारी ठेवून फरक शोधून दाखवा! मुरलेल्या डिझायनरचीही दांडी उडेल. पण वेबच्या जागतिक मानकांत पहिला नापास होतो आणि दुसरा पास.

हे ठरतं कसं? डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं 2008 मध्ये एक सूत्र ठरवून दिलं. दोन रंगांची उजळता काढायची आणि मोठीला लहानीनं भागायचं. त्यातली गंमत पुढे आहे. उजळता मोजताना हिरव्याला सुमारे 72 टक्के वजन, लालला 21 आणि निळ्याला जेमतेम 7, कारण आपला डोळाच हिरव्यावर लट्टू! शिवाय दोन्हीकडे 0.05 मिळवायचे. का? खोलीतला उजेड पडद्यावर पडून परततो, म्हणून पडद्यावरचा काळा कधीच पुरता काळा नसतो. तेवढाही विचार केलाय. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर उत्तर येतं 21. साध्या मजकुराला किमान 4.5 हवेत.

आणि हे साडेचार आले कुठून? चांगल्या नजरेला 3 पुरतात. वयाच्या ऐंशीच्या आसपास नजर साधारण निम्म्यावर येते, तिला दीडपट लागतं. तीन गुणिले दीड! आजी-आजोबांची नजर त्या एका आकड्यात बसवलेली आहे.

आता संकेतस्थळांच्या पुरस्कारांकडे या. 2009 पासूनच्या 'ऑवर्ड्स' (Awwwards) या पुरस्कारांत परीक्षक डिझाइनला 40, वापरसुलभतेला 30, कल्पकतेला 20 आणि मजकुराला 10 टक्के वजन देतात. सुगम्यतेचा, म्हणजे अंध-अपंगांनाही संकेतस्थळ वापरता येण्याचा, वेगळा रकाना या चारांत नाही. ती डेव्हलपरांच्या स्वतंत्र पुरस्कारात तपासली जाते. मला हे पटत नाही. इतक्या काटेकोरपणे मोजता येणारी गोष्ट मुख्य गुणपत्रिकेबाहेर का? अमेरिकेत ऑस्टिनला 1998 मध्ये सुरू झालेल्या 'एअर' स्पर्धेत संघ सेवाभावी संस्थांसाठी संकेतस्थळं बांधतात, आणि तिथे कस लागतो तो सुगम्यतेचाच.

आणि सुगम्यता रंगांपुरती नसते. एक बटण घ्या. कोडमधल्या 'डिव्ह' या नुसत्या चौकटीला रंग-सावली देऊन ते झकास दिसतं, पण टॅब दाबत पुढे जाणाऱ्या अंध माणसाला लागतच नाही. त्याच जागी कोडमध्ये 'बटन' हा एक शब्द लिहा: टॅब तिथे थांबतो, पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर 'बटण' म्हणून सांगतो, एंटर चालतो, स्पेस चालतो. सगळं ब्राउझर फुकटात करतो! परीक्षकांनी गुण देण्याआधी दोन मिनिटं माउस बाजूला ठेवला, तरी हे लगेच कळेल.