स्थिर आवृत्ति कीं नूतन आवृत्ति?

घरांत संगणक एक, आणि तो वापरणारे हात मात्र अनेक, अशी आज पुष्कळ एकत्र कुटुंबांची स्थिति आहे. वडील मंडळी त्यावर बँकेचे व्यवहार पाहतात, मुलें अभ्यास करितात, आणि घरचे हिशेब, दस्तऐवज व छायाचित्रें हींही त्यांतच सांठविलेलीं असतात. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, तेव्हांपासून जुन्या यंत्रावर लिनक्स बसवावें काय, हा प्रश्न अनेक घरांपुढें आला आहे. तो सुटतो न सुटतो तोंच दुसरा उभा राहतो: दीर्घकाळ न बदलणारी आवृत्ति घ्यावी, कीं वारंवार नूतन होणारी?

प्रथम 'स्थिर' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्थिर म्हणजे कधींच न बिघडणारी नव्हे. स्थिर म्हणजे न बदलणारी. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं आरंभिलेल्या डेबियनचें उदाहरण घ्या. त्याची स्थिर आवृत्ति सुमारें २ वर्षांनीं निघते. बारावी जून २०२३ मध्यें निघाली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्यें. एकदां ती निघाली, कीं तींतील प्रोग्रॅमांचें रूप बहुधा तेंच ठेवितात. पुढें सुरक्षिततेची एखादी उणीव आढळल्यास तेवढीच दुरुस्ती जुन्या प्रोग्रॅमांत आणून बसवितात. हा क्रम ३ वर्षें, व त्यानंतर दीर्घ मुदतीच्या व्यवस्थेखालीं आणखी सुमारें २ वर्षें चालतो. म्हणून जुनें तें असुरक्षितच, ही समजूत चुकीची होय.

उबुंटूची आवृत्ति दर ६ महिन्यांनीं, एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत निघते. दर दुसऱ्या वर्षीं एप्रिलांत निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस ५ वर्षें देखभाल मिळते. इतरांस अवघे ९ महिने. फेडोराच्या आवृत्तीस सुमारें १३ महिने मिळतात. आर्चमध्यें तर निरनिराळ्या आवृत्त्याच नाहींत. बदलांचा ओघ अखंड चालू असतो.

खरा धोका या मुदतींच्या विस्मरणांत आहे. ऑक्टोबरांत हौसेनें बसविलेल्या अल्प मुदतीच्या आवृत्तीची देखभाल पुढील जुलईंत संपते. पण यंत्र पूर्ववत् चालत असल्यामुळें तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. घरांतील जाणता मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेला असेल, तर मागें राहिलेल्यांचे बँकेचे व्यवहार अशा निराधार यंत्रावरच चालू राहतात.

तथापि नूतन आवृत्तीचा पक्षही पोकळ नाहीं. नुकत्याच घेतलेल्या यंत्रांतील वायफाय किंवा चित्रदर्शक भाग जुन्या आवृत्तीस ओळखतां येत नाहींत, असें घडतें. यास्तव बसविण्यापूर्वीं यूएसबी पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहावी. केवळ एखादाच प्रोग्रॅम नवा हवा असल्यास तो फ्लॅटपॅकच्या मार्गानें निराळा घेतां येतो. त्यासाठीं सारा पाया हलविण्याचें कारण नाहीं.

सारांश, नवेपणाहून 'याची निगा कोण राखणार?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या यंत्रावर सर्व कुटुंबाचा भार, तेथें स्थिर आवृत्तीच इष्ट. शिकाऊ मुलाचें स्वतंत्र यंत्र असेल, तर त्यानें त्यावर नूतनाचा खुशाल अनुभव घ्यावा. मात्र दोन्ही ठिकाणीं महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे असावी, आणि देखभाल संपण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारीं लिहून लावावी, म्हणजे ती एकट्या जाणत्याच्या स्मरणावर अवलंबून राहणार नाहीं.